मालदीववरील भारताचा वाढता सांस्कृतिक प्रभाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांविषयी समाजमाध्यमांवर अनुचित मजकूर लिहिला आणि आपल्याकडे मालदीववर बहिष्कार टाकण्याची लाट उसळली. त्या पंधरवड्यात मराठीत मालदीवविषयी जेवढे छापून आले, तेवढे त्याआधी क्वचितच आले असेल. मात्र त्यातील बहुतेक मजकूर लष्कर, चीन आणि पर्यटन यांच्यापुरता होता. तेथील माणसाच्या कानात, ताटात आणि बोलण्यात भारत किती आहे, तो तेथवर कसा पोहोचला आणि नकोसा केव्हा होतो, याविषयी वाचकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

मालदीवचा समाज केवढा आहे?

२०२२ च्या जनगणनेत तेथे सुमारे ५ लाख १५ हजार माणसे मोजली गेली. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये जवळपास एवढीच होती. त्या ५ लाख १५ हजारांतही मालदीवचे नागरिक सुमारे ३ लाख ८२ हजार. बाकीचे परदेशांतून कामासाठी आलेले. सुमारे १२०० प्रवाळबेटांपैकी स्थानिक वस्ती असलेली बेटे दोनशेहून कमी आहेत आणि नागरिकांचा मोठा हिस्सा राजधानी माले आणि तिच्या परिसरात दाटीने राहतो.

हा आकडा आधी सांगण्याचे कारण आहे. जी भाषा जेमतेम चार लाख माणसे बोलतात, त्या भाषेत चित्रपट काढला तर तिकिटे किती खपणार, हा तेथे साध्या अंकगणिताचा प्रश्न असतो. शेजारी दीडशे कोटींचा देश असेल आणि त्याची गाणी हवेतून फुकट येत असतील, तर ती ऐकली जाणारच.

हा प्रभाव अलीकडचा आहे का?

हिंदी गाण्यांचा आणि भारतीय रुग्णालयांचा काळ गेल्या साठेक वर्षांतला आहे, पण देवघेव फार जुनी आहे. आपण ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ असे शब्द सहज वापरतो. ज्या कवड्या एके काळी बंगालच्या बाजारांत चलन म्हणून चालत, त्यांतील मोठा साठा मालदीवच्या उथळ समुद्रातून जात असे. चौदाव्या शतकात, १३४३ च्या सुमारास, मालेत काझी म्हणून काम केलेल्या इब्न बतूताने बेटांवरील लोक कवड्या देऊन बंगालमधून तांदूळ आणत असल्याचे नोंदवून ठेवले आहे. प्रवाळबेटांवर भात पिकत नाही, त्यामुळे तांदूळ बाहेरूनच यावा लागतो आणि तांदूळ घेऊन येणाऱ्या गलबतांबरोबर शब्द, कापड, मसाले आणि चालीरीतीही येतात. एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातील बोहरी व्यापाऱ्यांनी मालेत आपला जम बसवला होता आणि त्यांच्याविषयीची नाराजीही तेव्हाच उमटली होती.

दिवेही भाषा खरोखरच मराठीच्या नात्यातली आहे का?

होय. दिवेही ही भारतीय-आर्य कुळातील भाषा असून तिची सख्खी बहीण सिंहली आहे; मराठी दूरची बहीण ठरेल. मासा या शब्दाला दिवेहीत ‘मस’ म्हणतात, भाषेला ‘बस’, मिठाला ‘लोनु’ (आपल्या ‘लोणा’ची आठवण व्हावी असा), चंद्राला ‘हंदु’. संस्कृतातील किंवा शेजारच्या भाषांतील ‘प’ दिवेहीत पुष्कळदा ‘फ’ होतो, ही एक खूणगाठ लक्षात ठेवली की बरेच शब्द आपोआप उलगडतात : पाणी म्हणजे ‘फेन’, पाच म्हणजे ‘फस’, रुपया म्हणजे ‘रुफिया’ आणि कांदा, म्हणजेच हिंदीतील प्याज, ‘फिया’.

मराठी वृत्तपत्रांत ही भाषा ‘धिवेही’ आणि तिची लिपी ‘थाना’ अशी छापली जाते. रोमन लिपीत दंत्य द आणि त दाखवण्यासाठी मालदीवचे लोक जो ‘एच’ जोडतात, त्याचा हा परिणाम आहे. उच्चाराला जवळचे रूप ‘दिवेही’ आणि ‘ताना’ हेच. देवनागरीसारखी दंत्य अक्षरे स्वतंत्र असणारी लिपी हाताशी असताना आपण शेजाऱ्याच्या भाषेचे नाव इंग्रजीच्या मार्फत घ्यावे, हे मला तरी खटकते.

हिंदी चित्रपट आणि गाणी तेथे एवढी कशी रुजली?

यासाठी कोणी योजना आखली नव्हती. आधी रेडिओ आला, मग ध्वनिफिती, मग व्हिडिओ कॅसेटी आणि पुढे उपग्रह वाहिन्या. मालदीवचे स्वतःचे रेडिओ प्रसारण १९६२ च्या अखेरीस सुरू झाले आणि दूरचित्रवाणी १९७८ मध्ये. दिवसभर पुरेल एवढा कार्यक्रमांचा साठा एवढ्या लहान समाजाकडे असणे शक्यच नव्हते. ती पोकळी हिंदी गाण्यांनी भरून काढली. मासेमारीच्या बोटीवर, चहाच्या हॉटेलात आणि घराबाहेर टांगलेल्या दोरीच्या ‘जोली’वर बसून ऐकले जाणारे हे संगीत ऐकणाऱ्याला पूर्णपणे परके वाटत नव्हते, कारण शब्द अर्धेमुर्धे ओळखीचे होते आणि कथांतील घर, सासर, मानापमान हे सगळे परिचयाचे होते. शाळेत हिंदी न शिकलेला मालदीवचा माणूस हिंदी बोललेले समजतो, हा अनुभव तेथे जाऊन आलेले अनेक जण सांगतात. ती हिंदी त्याला पडद्याने शिकवलेली असते.

पुढचा टप्पा अनुकरणाचा. १९९० च्या दशकात दिवेही चित्रपट नियमितपणे निघू लागले, तेव्हा अनेकांची कथानके हिंदी चित्रपटांवर बेतलेली होती आणि गाण्यांत हिंदी चालींवर दिवेही शब्द बसवलेले असत. हे उघडपणे चालत असे आणि श्रोत्यांनाही त्यात गैर वाटत नसे; चाल ओळखीची असणे हा गाण्याचा गुणच मानला जाई. २०१० मध्ये कॉपीराइटचा कायदा झाल्यानंतर ही पद्धत आवरती घ्यावी लागली आणि स्वतःच्या चाली बांधणाऱ्या संगीतकारांना वाव मिळाला. एका परकीय प्रभावाला आळा बसला तो राष्ट्राभिमानाच्या भाषणांमुळे नव्हे, कायद्यातील मालकी हक्काच्या कलमांमुळे, ही गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते.

मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. हिंदी चित्रपटसृष्टी आपल्याच मुंबईत वाढली आणि तिच्या शेजारी मराठी चित्रपटाला पडदे मिळवण्यासाठी किती झगडावे लागते, हे आपण पाहत आलो आहोत. त्यामुळे मालेतील निर्मात्याची अडचण आपल्याला समजायला हवी. फरक एवढाच की आपल्याकडे प्रेक्षकसंख्या कोटींत आहे आणि त्याच्याकडे लाखांत.

मग दिवेही भाषेला हिंदीपासून धोका आहे का?

माझ्या मते नाही. तो धोका इंग्रजीपासून अधिक आहे. हिंदी कानात राहिली, वहीत उतरली नाही. इंग्रजी मात्र १९६० च्या दशकापासून शिक्षणाचे माध्यम म्हणून शाळांत शिरली आणि आज मुले विज्ञान, गणित, हिशेब इंग्रजीतच शिकतात. दिवेहीत आदराच्या तीन पायऱ्या आहेत आणि बोलण्याची सर्वांत वरची रीत ‘रीति बस’ म्हणून ओळखली जाते. ती नीट बोलता येणारी तरुण माणसे कमी होत असल्याची खंत तेथील वडीलधारी मंडळी व्यक्त करतात.

लिपीविषयीचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. ताना ही उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि तिची पहिली नऊ अक्षरे चक्क अरबी अंकांवरून, पुढची नऊ जुन्या स्थानिक अंकांवरून घडवलेली आहेत. त्याआधीची ‘दिवेस अकुरु’ ही लिपी ब्राह्मी कुळातील, डावीकडून उजवीकडे जाणारी होती आणि त्याही आधीच्या लिपीत लिहिलेले बाराव्या शतकातील ताम्रपट उपलब्ध आहेत. १९७६ मध्ये इब्राहिम नासिर यांच्या सरकारने कारभारासाठी रोमन लिपी आणली. टेलेक्स यंत्रांवर ताना उमटत नव्हती, हे त्यामागचे एक व्यवहारी कारण. १९७८ मध्ये सत्तेवर आलेल्या मौमून अब्दुल गयूम यांनी ताना परत आणली. एवढ्या लहान समाजाने दोन वर्षांत आपली लिपी परत मिळवली, ही घटना त्या भाषेच्या चिवटपणाविषयी पुरेसे सांगून जाते.

गाण्यांखेरीज भारत तेथे कोणत्या वाटांनी पोहोचतो?

रुग्णालय, शाळा आणि स्वयंपाकघर या तीन वाटा मोठ्या आहेत.

मालेतील सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय भारताच्या मदतीने उभे राहिले, १९९५ मध्ये सुरू झाले आणि इंदिरा गांधींच्या नावाने ओळखले जाते. त्यापलीकडचे उपचार लागले की कुटुंब तिरुवनंतपुरमला किंवा बंगळुरूला जाते. ‘आसंधा’ ही सरकारी आरोग्य विमा योजना २०१२ मध्ये सुरू झाल्यापासून भारतातील ठरावीक रुग्णालयांत उपचारांचा खर्चही मिळतो. आजारी माणसाबरोबर गेलेले नातेवाईक तेथे महिनोन्‌महिने खोली भाड्याने घेऊन राहतात, बाजारहाट करतात, शेजाऱ्यांशी ओळखी होतात. भारताविषयीचे मालदीवचे मत ज्या ठिकाणी बनते, त्यांत दूतावासापेक्षा रुग्णालयाच्या बाहेरील औषधांच्या दुकानाचा वाटा मोठा असावा.

शाळांत श्रीलंकेपाठोपाठ केरळ आणि तमिळनाडूतून आलेले शिक्षक अनेक दशके शिकवत आले आहेत. दूरच्या बेटांवर गणिताचा शिक्षक भारतीय असणे ही नित्याची बाब आहे.

आणि स्वयंपाकघर. १९८१ च्या व्यापार करारानुसार भारत दरवर्षी ठरावीक प्रमाणात तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, डाळ, अंडी, बटाटे, कांदे, शिवाय बांधकामाची वाळू आणि खडी मालदीवला पाठवतो. २०२४-२५ या वर्षासाठी ठरलेला कांद्याचा वाटा सुमारे ३५,७४९ टनांचा होता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिक जिल्ह्यातील शेतकरी रस्त्यावर उतरला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. निर्यातबंदी कायम असतानाच, एप्रिल २०२४ मध्ये, मालदीवसाठी हा वाटा मंजूर झाला होता. मालेतील सकाळच्या न्याहारीत ‘मस हुनि’ असते, म्हणजे ट्यूना मासा, खवलेले खोबरे, मिरची, लिंबू आणि बारीक चिरलेला ‘फिया’ यांचे मिश्रण, आणि त्याबरोबर ‘रोशि’, जी आपल्या पोळीची नातलग आहे. दुपारच्या चहाबरोबर मिळणाऱ्या ‘बजिया’चे नाव भज्यावरून आले असले तरी आत मासा भरलेला असतो आणि आकार समोशाचा असतो.

एवढी जवळीक असताना ‘इंडिया आउट’ ही घोषणा कोठून आली?

या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक लेखक चीनपासून सुरुवात करतात. चीनचा संबंध आहेच, पण केवळ त्याने उलगडा होत नाही.

नोव्हेंबर १९८८ मध्ये श्रीलंकेतील तमिळ बंडखोरांच्या मदतीने गयूम यांची सत्ता उलथवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा भारतीय छत्रीधारी सैनिक त्याच रात्री उतरले आणि काम झाल्यावर बहुतांश परतले. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचे पाणी पाठवले. या मदतीची कृतज्ञता तेथे आहे. मात्र पुढे भारताने दिलेली दोन हेलिकॉप्टरे आणि एक डॉर्नियर विमान चालवण्यासाठी सुमारे ऐंशी भारतीय लष्करी कर्मचारी कायम राहू लागले, बंदरांविषयीचे आणि संरक्षणाविषयीचे करार जनतेसमोर पूर्णपणे मांडले गेले नाहीत, आणि ‘आपल्या देशात नेमके काय चालले आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही’ ही भावना वाढली. भारतीय सैनिकांनी देश सोडावा अशी मागणी करत २०२० पासून समाजमाध्यमांवर सुरू झालेल्या ‘इंडिया आउट’ मोहिमेचे नेतृत्व माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला यामीन यांनी २०२१ च्या अखेरीस उघडपणे हाती घेतले. एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष इब्राहिम सोलिह यांनी हुकूम काढून या मोहिमेवर बंदी घातली. बंदीने राग शमला नाही. २०२३ च्या निवडणुकीत मोहम्मद मुइझ्झू विजयी झाले आणि १० मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिकांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ आले.

या सर्व काळात मोहिमेचे फलक हाती धरणाऱ्या तरुणांच्या मोबाइलमध्ये हिंदी गाणी नव्हती, असे कोणीही म्हणणार नाही. त्यांचा आक्षेप गणवेशाला आणि न दाखवलेल्या करारांना होता. जे आपण होऊन घेतले ते आपलेसे झाले आणि ज्यावर सरकारी शिक्का होता त्याविषयी संशय आला, ही विभागणी मालदीवमध्ये वारंवार दिसते. मोठ्या देशातून पाहताना ती सहजी लक्षात येत नाही, कारण आपल्या दृष्टीने गाणे आणि हेलिकॉप्टर दोन्ही मैत्रीचेच असतात.

योगदिनाच्या कार्यक्रमावर हल्ला का झाला?

२१ जून २०२२ रोजी सकाळी मालेतील राष्ट्रीय फुटबॉल मैदानावर योगदिनाचा कार्यक्रम सुरू असताना जमाव आत घुसला आणि पोलिसांना अश्रुधुराचा वापर करावा लागला. २०११ पासून मालेत असलेल्या भारतीय सांस्कृतिक केंद्राने आणि तेथील सरकारने मिळून तो आयोजित केला होता. जमावातील काहींच्या मते योग ही इस्लामला न मानवणारी उपासना होती.

मालदीवने ११५३ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि २००८ च्या राज्यघटनेनुसार मुस्लिम नसलेली व्यक्ती त्या देशाची नागरिक होऊ शकत नाही. तेथे धर्म आणि नागरिकत्व एकच मानले जाते. त्याच सांस्कृतिक केंद्रात मुले अनेक वर्षे नृत्य, संगीत आणि योग शिकत होती, तेव्हा असा गोंधळ झाला नव्हता. भर मैदानात, दोन्ही सरकारांच्या सहभागाने, उगवत्या सूर्याच्या वेळी तेच झाले तेव्हा त्याचा अर्थ बदलला. हल्ल्याचे समर्थन अजिबात करता येणार नाही, परंतु मैदान निवडणाऱ्यांनी शेजाऱ्याचे मन आधी चाचपून पाहिले असते तर बरे झाले असते.

प्रभाव केवळ भारताचाच आहे का?

नाही, आणि हे विसरले की सगळेच चित्र बिघडते. मालदीवच्या राष्ट्रगीताला आधी एका स्कॉटिश गीताची चाल होती. आजची चाल १९७२ मध्ये श्रीलंकेचे संगीतकार अमरदेव यांनी बांधली. ‘बोडु बेरु’ हा ढोलांवरील नाच-गाण्याचा प्रकार आफ्रिकेकडून आलेला मानतात. इजिप्त, सौदी अरेबिया आणि पाकिस्तानात धर्मशिक्षण घेऊन परतलेल्यांनी पोशाख, संगीत आणि सणांविषयीचे विचार बरेच बदलले, काहींनी तर गाणे-बजावणेच निषिद्ध ठरवले. फेब्रुवारी २०१२ मध्ये जमावाने राष्ट्रीय संग्रहालयातील इस्लामपूर्व काळातील, मुख्यतः बौद्ध, मूर्ती फोडल्या. हिंदी चित्रपटाचा खरा प्रतिस्पर्धी तेथे चिनी चित्रपट नसून हा धर्मनिष्ठ विचार आहे. चीनने २०१८ मध्ये माले आणि विमानतळाचे बेट जोडणारा पूल बांधून दिला, पण चिनी गाणी कोणी गुणगुणत नाही.

क्रिकेटचे काय?

भारत तेथे क्रिकेट रुजवण्यासाठी मदत करत आहे आणि जून २०१९ मध्ये पंतप्रधान मोदींनी सोलिह यांना बॅटही भेट दिली. तरीही बेटांचा जीव फुटबॉलवर आहे. दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मालदीवने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये भारतालाच हरवले.

बहिष्काराचा परिणाम झाला का?

झाला. २०२३ मध्ये सुमारे २ लाख ९ हजार भारतीय पर्यटक गेले होते आणि रशियनांना निसटते मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे १ लाख ३० हजारांवर आला. मुइझ्झू यांनी आसंधा योजना थायलंड आणि संयुक्त अरब अमिरातीपर्यंत नेण्याची घोषणा केली. त्यानंतर मात्र दोन्ही बाजू नरमल्या : ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू भारतात आले, आग्र्याबरोबर मुंबईलाही गेले, आणि २६ जुलै २०२५ रोजी मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी मोदी मालेत पाहुणे होते.

भारतात दिवेही बोलणारे लोक आहेत, हे खरे आहे का?

खरे आहे. लक्षद्वीपमधील मिनिकॉय, स्थानिक नावाने मलिकु, या बेटावरील सुमारे दहा हजार लोक दिवेहीचीच एक बोली बोलतात. भारतात तिला ‘महल’ म्हणतात. गावागावांची जुनी व्यवस्था, प्रत्येक गावाचा ‘बोडुकाका’ म्हणजे वडीलधारा प्रमुख, लांब नौकांच्या शर्यती आणि ‘लावा’ नृत्य ही तेथील ओळख आहे. १९७६ च्या सागरी सीमेच्या करारात हे बेट भारताच्या बाजूला राहिले.

मोठ्या देशाच्या प्रभावाचा विचार करायचा तर मिनिकॉय हे मालेहून अधिक कसोटीचे ठिकाण आहे. मालेत दिवेही ही राजभाषा आहे, तिच्यात कायदे होतात, बातम्या दिल्या जातात. मिनिकॉयच्या मुलाला घरी महल, प्रशासनात आणि शाळेत मलयाळम व इंग्रजी आणि पडद्यावर हिंदी, अशा चार भाषांतून वाट काढावी लागते, आणि त्यांपैकी त्याच्या आईच्या भाषेलाच सरकारदरबारी सर्वांत कमी जागा आहे. मालदीवने भारताचा प्रभाव किती घ्यावा हे मालदीव ठरवू शकतो; मिनिकॉयपाशी असा पर्याय नाही, आणि त्याची जबाबदारी परराष्ट्र मंत्रालयाची नसून आपल्या घरातली आहे.

देशाचे नाव नेमके काय लिहावे?

मराठीत ‘मालदीव’ हे रूप रूढ आहे आणि ते योग्य आहे. ‘मालदिव्ज’ हे इंग्रजी अनेकवचन मराठीत आणण्याची गरज नाही. तेथील लोक स्वतःच्या देशाला ‘दिवेही राज्जे’ म्हणतात. त्यातील ‘दिवेही’ म्हणजे द्वीपवासी, आणि ‘राज्जे’ म्हणजे राज्य.